पवित्रा : मूळ अर्थ काय आणि वापरायचा कसा?

पेपरात रोज 'आक्रमक पवित्रा' वाचतो, मग ह्या पवित्र्याचा 'पवित्र'शी काही संबंध आहे का, असं विचारलंय. माझ्या मते काहीच नाही. हा शब्द तलवारबाजीतला, पट्टेबाजीतला, आणि सरळ पायांशी जोडलेला. हिंदीत ज्याला पैंतरा म्हणतात तोच हा, आणि तिकडच्या कोशात त्याचं मूळ संस्कृत 'पदांतर' असं दिलंय, म्हंजे पाय एका जागेवरनं उचलून दुसरीकडं टाकणं. मराठीत त्याचं पवित्रा का झालं तर मला वाटतं कानाला आधीच ओळखीचा असलेला 'पवित्र' शेजारी होता, उच्चार हळूहळू तिकडं सरकला. अर्थ मात्र सरकला नाही.

आमच्याकडं कोल्हापुरात हा शब्द अजून मूळ अर्थानं चालतो. शिवजयंतीला पेठांमधनं मर्दानी खेळांची प्रात्यक्षिकं होतात ती जवळनं बघा, हातातल्या पात्याकडं न बघता खेळणाऱ्याच्या पायांकडं बघा. दांडपट्ट्याची मूठ म्हंजे लोखंडी खोबळा, त्यात हात कोपरापर्यंत जवळजवळ अडकलेला असतो, त्यामुळं साध्या तलवारीसारखं मनगट वळवून वार करता येत नाही, सगळा फिरवा खांद्यातनं, कमरेतनं आणि शेवटी पायातनं येतो. पाय चुकला की वार चुकला. म्हणून तिथं पवित्रा म्हंजे नुसतं उभं राहणं नव्हे, पाय टाकायची पद्धत. आणि मर्दानी खेळ बघितला नसेल तरी शाळेतली लेझीम आठवा, तिच्यात पण 'पवित्रा' होताच की, आणि तो पायांनीच करायचा.

आता वापराबद्दल. माझा आग्रह एवढाच की पवित्रा आणि भूमिका एकाच मापानं मोजू नयेत. भूमिका म्हंजे एखाद्या विषयावर तुमचं मत काय ते, ती वर्षानुवर्षं तीच राहू शकते. पवित्रा म्हंजे समोरच्याच्या हालचालीकडं बघून पुढच्या क्षणासाठी घेतलेली तयारी, समोरचा हलला की तो बदलायचाच असतो, म्हणून तर 'पवित्रा बदलला' हे इतकं सहज येतं तोंडात. ऊसदर आंदोलनात संघटनेची भूमिका एकच असते, ठरल्यापेक्षा कमी दर घेणार नाही, पण पवित्रा आज निवेदनाचा, उद्या वाहनं अडवायचा. 'नव्या चेंडूसमोर सलामीवीरांनी सावध पवित्रा घेतला' हेही एकदम बरोबर. पण 'शाकाहाराबाबत त्यांचा पवित्रा' असलं वाचलं की खटकतं राव, तिथं समोर कोण आहे आणि पाय कुठं हलणार आहेत?

युरोपातल्या फेन्सिंगमध्ये लढत सुरू करायच्या आधी पंच 'ऑन गार्ड' म्हणतात, मूळ फ्रेंच आहे ते, तेव्हा खेळाडू गुडघे वाकवून पुढचं पाऊल प्रतिस्पर्ध्याकडं आणि मागचं आडवं टाकून उभा राहतो. त्याला मराठीत 'सावध' म्हणून चालेल, पण 'पवित्रा घ्या' म्हटलं तर आखाड्यातल्या माणसाला एका शब्दात कळेल.

लिंग पुल्लिंगी. पवित्रा घेतला, पवित्रे बदलले, लढायच्या पवित्र्यात. 'आक्रमक पवित्रात' असं छापलेलं दिसतं ते चूक, तो 'य' खाऊ नये.

जाता जाता, 'तोंडाचा पट्टा' सुटतो तो पण बहुतेक ह्याच आखाड्यातला. काहीजण तो गिरणीच्या मशीनचा पट्टा समजतात पण 'जिभेचा दांडपट्टा' असंही म्हणतातच ना आपल्यात, त्यामुळं मला तरी हत्यारच पटतं. तुमच्या भागात दुसरं काही म्हणत असतील तर जरूर लिहा, विशेषतः सातारा आणि बेळगावकडची मंडळी.