अनुभव धागा: नागपूरच्या उन्हात हलकं बिझनेस जेट

सोनेगाव_टॉवरखाली (धागाकर्ता)

टर्बोप्रॉपवरून (पंख्याच्या विमानावरून) हलक्या जेटवर येणाऱ्या वैमानिकांसाठी हा धागा. फेनॉम १००, सायटेशन एम२ किंवा त्याच वर्गातलं काहीही चालेल. विमान कसं दिसतं, केबिन किती शांत आहे, हे कंपनीच्या माहितीपत्रकात असतंच. इथे हवंय ते वेगळं. मे महिन्यात दुपारी दोनला नागपूरहून निघताना किती वजन उचलायचं? ओल्या रनवेवर ब्रेक कसे वागतात? कुठली चूक पहिल्या पन्नास तासांत हमखास होते? आकडे द्या, कारण द्या. मात्र शेवटचा शब्द आपापल्या विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलचा, हे प्रत्येक प्रतिसादाला गृहीत धरावं.

ओटीए_४४

सुरुवात उन्हापासूनच करतो.

नागपूर विमानतळाची उंची १,०३३ फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. दुपारी ४४ असलं म्हणजे प्रमाणापेक्षा ३१ अंश जास्त. वर उन्हाळ्यात हवेचा दाब पडलेला असतो. क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला दाब) १००२ असेल तर प्रेशर अल्टिट्यूडच (दाबावरून निघणारी उंची) १,३०० फुटांच्या पुढे जाते. सगळं धरून डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) ५,००० फुटांच्या आसपास येते. म्हणजे विमानाच्या लेखी तुम्ही सोनेगावात (नागपूर विमानतळावर) नाही, महाबळेश्वरपेक्षा उंच पठारावर उभे आहात.

इथे नवीन माणूस म्हणतो, रनवे ३,२०० मीटरचा आहे, मग काळजी कसली? रनवे पुरतोच. अडवतो तो एका इंजिनवरचा चढ. टेकऑफनंतर एक इंजिन गेलं, चाकं आत आली, तर उरलेल्या इंजिनावर ठरलेला किमान चढ मिळालाच पाहिजे. या मर्यादेचा रनवेच्या लांबीशी काही संबंध नाही. ती फक्त वजन, उंची आणि तापमानाची. इंजिनाचा पूर्ण थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) ठरावीक तापमानापर्यंतच मिळतो. त्यापुढे आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) हाताबाहेर जाऊ नये म्हणून फाडेक (इंजिन सांभाळणारा संगणक) थ्रस्ट उतरवत नेतं. म्हणून तक्ता वाचताना आधी क्लाइंब लिमिटचा रकाना बघा, रनवेचा नंतर.

आता वजनाचं गणित. सुरुवातीच्या फेनॉम १०० चं कमाल टेकऑफ वजन ४,७५० किलो, वापरता येणारं इंधन सुमारे १,२७० किलो. टाक्या काठोकाठ भरल्या की माणसं आणि सामान मिळून सव्वादोनशे किलोच्या आतबाहेर उरतात, आणि दुसरा वैमानिक त्यातच मोजायचा. चार प्रवासी, बॅगा आणि पूर्ण टाकी हे एकत्र होत नाही, थंडीतसुद्धा नाही. मेमध्ये तर क्लाइंब लिमिट त्यातूनही कापते. चार्टर घेणाऱ्याला हे आदल्या दिवशी सांगायचं, एप्रनवर उभं करून नाही.

उपाय दोनच, आणि दोन्ही साधे आहेत. सकाळी सातच्या आत निघा किंवा इंधन कमी घेऊन मध्ये उतरा.

किंगएअर_ते_जेट

ओटीए सरांच्या हिशेबाला इंधनाच्या खपाची जोड देतो. फेनॉम १०० वर पहिल्या तासाला चारशे किलोच्या आसपास धरा, कारण चढण त्यात येते. वर एकदा ३९० ला (३९,००० फुटांवर) बसलात की तासाला तीनशेच्या जवळ. नागपूर ते मुंबई सरळ अंतर जेमतेम ३७० नॉटिकल मैल आहे, त्यामुळे आकडा बघून निर्धास्त वाटतं. पण मुंबईला १०,००० फुटांवर होल्डिंगमध्ये (पाळी येईपर्यंत घिरट्यांत) टाकलं की तिथे मिनिटाला जळणारं इंधन वरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. टर्बोप्रॉपच्या सवयीने 'अर्धा तास फिरू' म्हणू नका. होल्डची सूचना येताच वरची पातळी मागा आणि किती इंधनावर दुसऱ्या विमानतळाकडे वळायचं तो आकडा कागदावर लिहून ठेवा.

खरा फरक खाली येताना कळतो. किंग एअर या टर्बोप्रॉपचे थ्रॉटल मागे घेतले की दोन पंखे वारा अडवतात, विमान थांबल्यासारखं होतं. जेटमध्ये आयडलला (किमान पॉवरला) घेतलं तरी विमान घसरतच राहतं. खाली येणं आणि वेग कमी करणं एकाच वेळी होत नाही, एका वेळी एकच काम होतं. म्हणून हिशेब आधी. ३९० वरून ३,००० फुटांवर यायचं म्हणजे ३६ हजार फूट, गुणिले तीन, १०८ मैल. वेग उतरवायला सपाटीवरचे दहा मैल वेगळे. शेपटीकडून ५० नॉट वारा असेल तर आणखी दहा. म्हणजे नागपूरच्या जवळजवळ १३० मैल आधीच खाली सोडायला सांगायचं. उतरण्याचा दर हवा असेल तर ग्राउंडस्पीड गुणिले पाच. ३६० ला मिनिटाला १,८०० फूट.

अप्रोचला (धावपट्टीकडे उतरत येताना) मी सुचवेन ते टप्पे असे: धावपट्टीपासून दहा मैलांवर १८० नॉट, सहा मैलांवर १५०, ग्लाइडस्लोपची (उतरणीची वाट दाखवणारी) खूण एक डॉट वर दिसत असतानाच चाकं खाली, आणि १,००० फुटांवर रेफरन्स वेग (टेकण्यासाठी ठरलेला) अधिक दहा नॉटच्या आत. त्या उंचीला हे जमलेलं नसेल तर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर). आयडलवरून पूर्ण थ्रस्ट यायला पाच ते आठ सेकंद लागतात. दोनशे फुटांवर 'थोडी पॉवर देऊन सांभाळतो' म्हटलं तर ती पॉवर येईपर्यंत उरलेल्या उंचीतली बरीच गेलेली असते.

हँगर_नं_दोन

वैमानिक नाही, देखभालीतला आहे. पण धाग्याचा विषय ब्रेकचा निघाला म्हणून लिहितो.

फेनॉमचे ब्रेक वायरवरचे आहेत. पेडल थेट तेल ढकलत नाही, कंट्रोल युनिटला सिग्नल देतं. पायाला जी जाणीव जुन्या विमानात मिळते ती इथे मिळत नाही, म्हणून नवीन माणूस हिसके देतो. पेडल पंप करू नका. एकदा दाबा, दाब सारखा ठेवा, हळूहळू वाढवा. पंप केल्याने अँटिस्किडचं (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) काम प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतं आणि अंतर वाढतं. टेकल्याक्षणी दाबूनही उपयोग नसतो, चाकं फिरून वेग पकडेपर्यंत टचडाऊन प्रोटेक्शन ब्रेक लावूच देत नाही. हे माहीत नसलेला माणूस समजतो ब्रेक गेले, आणि हात आपत्कालीन ब्रेकच्या हँडलकडे नेतो. त्या हँडलला अँटिस्किड नाही! जोरात ओढलं की टायर फुटतो. खरंच वेळ आली तर बोटभर ओढा, थांबा, पुन्हा ओढा.

या मशीनला थ्रस्ट रिव्हर्सर (टेकल्यावर इंजिनाचा जोर उलटा वळवणारी सोय) नाही. सुरुवातीच्या फेनॉमला स्पॉयलरही (पंखावर उभ्या राहून उचल मारणाऱ्या पट्ट्या) नव्हते, ते २०१४ च्या १००ई पासून आले. सायटेशन एम२ वर टेकल्यावर फ्लॅप ६० अंशांवर नेता येतात, त्याने पंखाची उचल मरते आणि वजन चाकांवर येतं. फेनॉमच्या जुन्या मॉडेलवर हे सगळं काम चाकांनाच करावं लागतं. त्यामुळे उन्हात लागोपाठ दोन लँडिंग असतील तर मधे ब्रेक थंड होऊ द्या. मॅन्युअलमध्ये थांबण्याचा वेळ दिलेला आहे, तो प्रवाशांच्या घाईने कमी होत नाही.

स्टार्टबद्दल दोन वाक्यं. या विमानांत एपीयू (वीज देणारं छोटं जादा इंजिन) नसतं. उन्हात तासभर उभं असलेलं विमान फक्त बॅटरीवर सुरू करायला गेलात तर व्होल्टेज पडतं, इंजिन हळू फिरतं, आयटीटी चढतं. २८ व्होल्टचं जीपीयू (जमिनीवरून वीज देणारं यंत्र) लावा, तोंड वाऱ्याकडे ठेवा. फाडेक जमिनीवर हॉट स्टार्ट तोडतं, तरी हात स्टॉपवर असलाच पाहिजे.

धापेवाडा_डायरेक्ट

हँगर भाऊ, इंधनात टाकायच्या द्रवाबद्दल लिहा ना. एम२ घेणार आहेत आमच्याकडे.

हँगर_नं_दोन

हो, राहिलंच. एम२ ला इंधनात अँटिआयसिंग द्रव (इंधनातल्या पाण्याचा बर्फ होऊ न देणारा) लागतो आणि आपल्याकडे जेट ए-१ सहसा त्याशिवायच मिळतं. प्रमाण आकारमानाने ०.१० ते ०.१५ टक्के. ५०० लिटर भरलं तर अर्धा ते पाऊण लिटर द्रव. तो भरण्याच्या धारेतच मिसळत गेला पाहिजे. नंतर वरून ओतला तर मिसळत नाही, तळाला बसतो आणि टाकीचं आतलं आवरण खराब करतो. हातमोजे घाला, द्रव त्वचेला चांगला नाही. बाहेरच्या विमानतळावर मिळेल या भरवशावर राहू नका, डबे सोबत न्या आणि वजनात धरा.

अजून एक. बाउझर (इंधनाचा टँकर) लिटरमध्ये देतो, विमान किलो किंवा पाउंड मागतं. लिटरला ०.८० किलो धरायची सवय असते. उन्हात तापलेलं इंधन ०.७८ पर्यंत येतं. ५०० लिटर घेतलं तर ४०० नाही, ३९० किलो पडले. घनता बाउझरवाल्याला विचारा, तो सांगतो.

रामगिरीचा_ढग

सगळे उन्हावर लिहून राहिले, मी बर्फावर लिहिते. नागपूरकरांना तोच विसरायला होतो.

जमिनीवर ३५ अंश, बाहेर घाम. पण जुलैत १६ ते १८ हजार फुटांवर शून्य अंश असतं, आणि या विमानाला तिथे पोचायला काही मिनिटंच लागतात. दिसणारा ओलावा आणि दहा अंश किंवा त्याहून कमी तापमान, एवढं झालं की इंजिन अँटिआयस (बर्फ धरू न देणारी यंत्रणा) चालू. बर्फ दिसायची वाट बघायची नाही. टेकऑफ ब्रीफिंगमध्येच 'अमुक उंचीला अँटिआयस' असं बोलून ठेवा.

फेनॉम १०० च्या पंखांवर आणि शेपटीवर रबरी बूट आहेत, फुगून बर्फ तोडणारे. ते चालू केले की स्टॉलचा (पंखांची उचल अचानक जाण्याचा) इशारा देणारी यंत्रणा आपला उंबरठा बदलते, इशारा कमी कोनालाच देते, आणि त्याबरोबर अप्रोचचा रेफरन्स वेगही वाढतो. वेग वाढला की उतरायला जास्त रनवे लागतो. इथेच मोह होतो, की बूट बंद ठेवले तर आकडे बसतात. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या गेदर्सबर्गला फेनॉम १०० घरांवर कोसळलं. विमानातले तिघे आणि जमिनीवरचे तिघे गेले. तपासात निघालं ते हेच: बर्फाळ ढगातून अप्रोच, डीआयस (म्हणजे बूट) बंद, आणि बर्फ नसतानाचा कमी वेग. वेळेत इशारा न मिळता स्टॉल झाला. प्रत्येक नव्या फेनॉम वैमानिकाने तो अहवाल सिम्युलेटरला जाण्याआधी वाचावा.

आपल्याकडचं उदाहरण करून बघा. मॅन्युअलमधलं कोरड्या रनवेचं अंतर ८५० मीटर आलं. व्यावसायिक उड्डाणांसाठीचा गुणक १.६७, वर रनवे ओला असल्याचे १५ टक्के, झाले १,६३० च्या आसपास. अमरावतीच्या बेलोऱ्याला १,८५० मीटर आहेत, बसलं. आता बर्फाच्या वेगाने मूळ अंतर पाव पटीने वाढलं की तोच हिशेब २,०४० वर जातो. बेलोरा गेला. गोंदियाचा बिरसी २,३०० चा, तो चालतो. नागपूरला तर प्रश्नच नाही. तेव्हा ढगात शिरण्याआधी पर्यायी विमानतळ या दुसऱ्या आकड्यावर निवडा. उतरताना गरम हवेत बर्फ वितळला असेल असं वाटतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या शेपटीवर तो उरलेला असू शकतो, खात्री नसेल तर वाढीव वेगच धरा.

जी१०००_वाली_पिढी

सुरुवातीच्या फेनॉमचं पॅनल गार्मिनच्या जी१००० वर आधारलेलं आहे, म्हणून ट्रेनरवर जी१००० शिकलेल्यांना घरच्यासारखं वाटतं. धोका तोच. व्हीएनएव्ही (उतरणीची वाट आखून देणारी सोय) विमान सुरेख खाली आणतं, पण या वर्गात बहुतेकांना ऑटोथ्रॉटल नाही. सपाटीला आलं की वेग तुम्हालाच धरायचा असतो. नकाशात रमलेला माणूस तेवढ्यात वीस नॉट गमावतो. एम२ च्या जी३००० ला टचस्क्रीन आहे. मेच्या दुपारी आठ हजारांखाली विमान हलतंच, तेव्हा तळहात कडेला टेकवून मगच बोट लावा.

धापेवाडा_डायरेक्ट

ही विमानं एका वैमानिकासाठी प्रमाणित आहेत ना? मग दुसरा कशाला?

ओटीए_४४

प्रमाणित आहेत, आणि निरभ्र सकाळी नागपूर-इंदूर एकट्याला जमतं. तरी माझं मत दोघांचंच. ४१० वर केबिनचा दाब गेला तर शुद्ध टिकते ती पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात मास्क, थ्रॉटल, स्पीडब्रेक असेल तर तो, खाली नाक, रेडिओ. दुसऱ्याचं ८० किलो वजन पेलोडमधून (प्रवासी-सामानाच्या वजनातून) जातं, मान्य. तेवढं इंधन कमी घ्या.

किंगएअर_ते_जेट

सहमत. एकट्याने उडवायचंच असेल तर मास्क गळ्याशी नको, पाच सेकंदांत तोंडावर येईल असा टांगलेला हवा, आणि उड्डाणाआधी मास्कच्या माइकवर बोलून बघा. माइकचा स्विच 'मास्क' या जागी वळवलेला नसेल तर आवाज जातच नाही, आणि ते वर गेल्यावर कळतं.