कोपऱ्यातलं नाव कापून फोटो छापला. न दिसणारा वॉटरमार्क उपयोगी पडतो का?

बोगद्यापलीकडचा (सातारा)
कासच्या कंदीलपुष्पाचा माझा फोटो एका सहलवाल्यानं सरळ फ्लेक्सवर घेतलाय. खाली उजवीकडे नाव होतं, तेवढी पट्टी कापली. नाव मधोमध आडवं टाकलं तर फूलच झाकतं, मग फोटो टाकायचा कशाला? न दिसणारा वॉटरमार्क असतो म्हणे, तो व्हॉट्सॲपवर फिरून टिकतो का? फोटोच्या फाईलीत दडलेली माहिती असते ना, एक्झिफ, त्यात माझं नाव भरलेलं असतं, तेवढं पुरत नाही का?

विश्रामबागी
भावा, मी सांगलीत फ्लेक्सचं डिझाइन करतो, म्हणजे तुझे फोटो येतात त्या टेबलावरचाच माणूस. गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतं आणि म्हणतं, "तेवढं नाव काढा." मी काढत नाही, शेजारचा काढतो.

एक्झिफ विसर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास की ते उडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर राहतं, पण तसं पाठवतो कोण? आणि स्क्रीनशॉट मारला की विषयच संपला.

मधोमधचं नावही आता एआय क्षणात पुसतं. २०१७ सालीच गुगलच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की शेकडो फोटोंवर एकच छाप असेल तर संगणक ती छाप वेगळी ओळखून आपोआप काढतो. उपायही त्यांनीच सांगितला: दर फोटोत छाप जराशी वेडीवाकडी करायची.

आता न दिसणारा. खूण पिक्सेलच्या आकड्यातल्या शेवटच्या, सगळ्यात कमी वजनाच्या बिटात लपवायची सोपी पद्धत आहे, ती जेपेगच्या (फोटो दाबून फाईल लहान करायची नेहमीची पद्धत) पहिल्या दाबातच मरते. जेपेग फोटोचे ८×८ चे चौकोन पाडतं, प्रत्येकातला ठळक बदल आणि बारीक तपशील वेगळे करतं आणि आधी बारीक तपशिलावर कात्री चालवतं. म्हणून खूण ठळक आणि बारीक यांच्या मधल्या पट्ट्यात, थोडी थोडी पण पुष्कळ ठिकाणी पसरून ठेवतात. अशी खूण बेताचं कॉम्प्रेशन सोसते. फोटो फार लहान केला, फिरवला, निम्मा कापला तर भरवसा नाही. आणि ती वाचायला ज्याचं त्याचं सॉफ्टवेअर लागतं. मला छापताना काहीच दिसणार नाही, मी अडणार कशाला? ती नंतर भांडायला.

छपाई अडवायची तर फाईलच लहान टाक. १०८० पिक्सेलचा फोटो १० फुटांवर ताणला की इंचाला ९ पिक्सेल येतात, कंदीलपुष्पाचा भोपळा होतो. तरी छापणारे छापतातच म्हणा.

बोगद्यापलीकडचा
मी २०४८ चा टाकला होता. बरं, भांडायचं तर कशाच्या जोरावर?

कोर्टाच्या_पायरीवर
फोटो काढलास तेव्हाच हक्क तुझा झाला, नोंदणी सक्तीची नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ब आलं: हक्क कुणाचा हे सांगणारी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कोपऱ्यातलं नाव त्यात बसतं असं मांडता येईल, म्हणून ते टाकणं सोडू नकोस. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल, आहे का?

बोगद्यापलीकडचा
आहे. आधीच्या-नंतरच्या फ्रेमही आहेत.

कोर्टाच्या_पायरीवर
मग अदृश्य खुणेवाचूनही भागेल. फ्लेक्स उतरायच्या आत त्याचे फोटो काढ, आजूबाजूची दुकानं दिसतील असे. नोटीस नंतर, आधी बिल पाठव.

विश्रामबागी
बिलात फ्लेक्सचं माप लिही. खाली कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव असतं बघ, ते कुणी कापत नाही.