शाळेची सहल देवगडला न्यायची का?

महालकर: पालकसभेत मी यंदाच्या सहलीसाठी छिंदवाड्याकडचा देवगड किल्ला सुचवला. लगेच एकाने विचारलं, "ते तर मध्य प्रदेशात, आपलं काय तिथे?" हे मनाला लागलं. १७०२ मध्ये नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचाच गोंड राजा. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, राजधानी इथे नागपूरला आणली. जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, त्यानेच बांधला. आणि ही सीमा तरी किती जुनी? १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती! पोरांनी आपल्या शहराचं मूळ गाव पाहू नये का?

वर्गशिक्षिका: दादा, इतिहासाबद्दल वादच नाही. पण पन्नास पोट्टे सांभाळायचे मला आहेत. ढासळलेल्या भिंती, जुन्या विहिरी, पाण्याचं टाकं, वर सिल्लेवानीचा घाट. त्यापेक्षा रामटेकच्या रस्त्यावरचं नगरधन घ्या. तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. नवरा गेल्यावर मुलं लहान होती, तेव्हा तिने विदर्भातल्या वाकाटक घराण्याचं राज्य चालवलं. माझ्या वर्गातल्या मुलींना ही बाई माहीत नाही. आधी आपल्या जिल्ह्यातलं दाखवू.

महालकर: ताई, नगरधन कोणत्याही रविवारी होतं. देवगडला शाळेने नेलं नाही तर कोणी नेणार नाही.

सौंसरची लेक: मी सीमेपलीकडची, घरात मराठीच बोलतो आम्ही. शनिवारी नागपूरच्या किती गाड्या जामसावळीच्या हनुमानाला येतात! दर्शन घेतात आणि तिथूनच परततात. पुढे देवगड आहे हे सांगावं लागतं. या, जरूर या. पण एकदम पन्नास जण नका आणू. गडावर चढलेल्यांपैकी कोणीतरी दगडावर नाव कोरतंच, आणि ते पुसलं जात नाही.

गोंडवाना: मुलांना कोणती गोष्ट सांगणार, ते आधी ठरवा. चांद सुलतान गेल्यावर वारसाचं भांडण लागलं, राणीने मराठा सरदार रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं आणि शेवटी राज्य भोसल्यांकडे गेलं. बहुतेक माणसं नागपूरची गोष्ट इथूनच सुरू करतात. देवगडच्या नगारखान्याखाली उभं राहूनही तेच सांगणार असाल, तर बसचं भाडं वाया जाईल. एखाद्या गोंड माणसाला सोबत घ्या, तो आपल्या पूर्वजांचं सांगेल.

वर्गशिक्षिका: हे मात्र पटलं. नववीची वीस मुलं, दोन शिक्षक, विहिरींजवळ कोणी एकटं जायचं नाही, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. एवढ्यावर मी तयार आहे. खालच्या वर्गांना नेणार नाही.

महालकर: सातवीची पोरं काय कमी समजूतदार असतात?

वर्गशिक्षिका: समजूतदार असतात, दादा, पण विहिरीला कठडा नसतो.