पुढच्या चाकातून चुंई-चुंई आवाज जाईना, कोल्हापुरात कुणाकडं दाखवू?

रंकाळाकाठ
मंडळी, सल्ला पाहिजे. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम ब्रेक, अलॉय व्हील. भर पावसात भुईबावडा घाटानं खारेपाटणला जाऊन आलो आणि तेव्हापासून पुढच्या डाव्या बाजूनं बारीक चुंई-चुंई सुरू झालंय. राजारामपुरीच्या गल्ल्यांत काच खाली करून हळू चाललं की ठळक ऐकू येतं. हायवेला वाऱ्यात दबतं. एका गॅरेजवाल्यानं चाक न काढता अलॉयच्या फटीतून बॅटरी मारली आणि "ब्रेकची पॅड चांगली आहेत, पावसाचं आहे, जाईल" म्हणाला. पाऊस उघडून झाला, आवाज आहे तसाच. दुसरा म्हणतो दोन्ही बेअरिंग बदला. उगाच खर्चात पडायचं नाही. आधी काय बघू, आणि नेऊ कुणाकडं? घरात अण्णांचं एकच टुमणं, गाडी विकून टाक.

पांढरा_रस्सा
भावा, आधी व्हील कप काढून चालवून बघ. प्लॅस्टिकचा कप रिमवर घासला की असाच चिवचिवतो.

कागलचा_पाव्हणा
@पांढरा_रस्सा अलॉय हाय म्हणून वर लिहिलंय की, त्याला कसला कप. वाचत जा जरा.

जुना_फिटर
कुणाकडं नेऊ हे नंतर. आधी आवाज कधी येतो आणि कधी थांबतो ते बघा. तेवढं सांगता आलं तर कुठलाही मिस्त्री तुम्हाला फिरवू शकणार नाही.

एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी लांब कंपाउंड भिंत आणि रिकामा रस्ता मिळतो. भिंत डाव्या हाताला ठेवून, काच खाली करून, वीसच्या स्पीडनं चला. आवाज भिंतीवर आपटून सरळ कानात येतो. मग आवाज मोजा. तुमचं टायर १५५/६५ आर १४ च्या आसपासचं असेल तर त्याचा घेर साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे वीसच्या स्पीडला चाक सेकंदाला तीन वेळा फिरतं. चुंई सेकंदाला तीनदा येत असेल आणि स्पीडबरोबर वाढत असेल, तर चाकाबरोबर फिरणारं काहीतरी एका जागी घासतंय. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवरच येत असेल तर तो सस्पेन्शनचा रबरी बुश, चाकाला हात लावू नका.

मग न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि बेल्टचा दोष नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. त्याच स्पीडला ब्रेकवर नुसता पाय टेकवा, दाबू नका. आवाज थांबला किंवा बदलला तर घोळ ब्रेकमध्येच आहे. काही फरक पडला नाही तर डिस्कच्या मागचा पत्रा बघा, डस्ट कव्हर म्हणतात तो. घाटातली खडी त्यात अडकते, नाहीतर पत्रा वाकून डिस्कला टेकतो. तसं असेल तर पेचकसनं बेतानं मागं ढकलायचा, झालं काम. त्याचे पैसे देऊ नका कुणाला, चहा पाजा.

आणि चाक काढल्याशिवाय जो निदान करतो त्याच्याकडं परत जाऊ नका.

शिरोलीवाला
माझं मत बेअरिंग. माझ्या गाडीत असंच झालं होतं. पाणी गेलं की बेअरिंग संपतंच.

जुना_फिटर
@शिरोलीवाला बेअरिंग बहुतेक वेळा घूंऽऽ करतं, विमान लांबून चाललंय तसं, आणि ते हायवेला वाढतं. यांचा आवाज बारीक आहे आणि गल्लीत ऐकू येतोय. तरी शंका असेल तर शिरोलीकडून किणीच्या बाजूला मोकळा पट्टा बघून स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडं घ्या. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज चढला तर डावं बेअरिंग. नंतर चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, खुळखुळतं का बघा. फिरवताना दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला तर बेअरिंगची खरखर हाताला कळते. एवढं न करता कुणी "दोन्ही बदला" म्हणत असेल तर दोन्ही कशाला हे त्यालाच विचारा.

आंबाघाट
जॅक लावणाऱ्यांनी सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करायचे. गाडीखाली मान घालायची नाही, नुसत्या जॅकवर तर नाहीच.

आणि कुणी डब्ल्यूडी-४० (तेलाचा स्प्रे) मारायचा सल्ला दिला तर ऐकू नका. डिस्कवर तेल गेलं की आवाज थांबेल, पण गाडी थांबायची नाही.

रंकाळाकाठ
फिटरकाका, तुम्ही म्हणालात तसं केलं. भिंतीशेजारी स्वच्छ ऐकू आलं, मोजलं तर सेकंदाला तीनच. न्यूट्रलला तसाच. ब्रेकवर पाय टेकवला की एकदम गप्प, सोडला की परत सुरू.

मग उद्यमनगरात एका मिस्त्रीकडं समोर उभा राहून चाक काढायला लावलं. बाहेरचं पॅड खरंच जाड, निम्म्याहून जास्त शिल्लक. पॅड धरणारा कॅलिपर उचलला आणि आतलं पॅड बाहेर काढलं तर मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, जवळजवळ संपलेला! त्याच्या कडेला एक वाकडी पत्र्याची पट्टी आहे, तिचं टोक घासून आरशासारखं चकाकत होतं आणि डिस्कच्या आतल्या बाजूला त्याच जागी बारीक गोल रेघ. एकाच चाकातली दोन पॅड, एक जाड आणि एक पापड. असं कसं होतं?

जुना_फिटर
ती पट्टी मुद्दाम दिलेली असते. मसाला दोन-तीन मिलिमीटरवर आला की तिचं टोक डिस्कला लागतं आणि ओरडून सांगतं, पॅड संपलं म्हणून. ब्रेक टेकवला की पॅड दाबून बसतं, पट्टीची थरथर थांबते, म्हणून गप्प.

आता पापड का झाला. तुमच्या गाडीत पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतलं पॅड दाबतो, आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतलं पॅडच करतं. पिनांवरचे रबरी बूट बघा, एखादा फाटला असेल. पाणी-चिखल आत गेला, ग्रीस धुऊन निघालं, पिन गंजली. घाटानं फक्त शेवटचा धक्का दिला, दुखणं जुनं आहे. आणि बाहेरून बॅटरी मारून हे दिसणं शक्यच नव्हतं.

नुसती पॅड टाकून पाठवत असतील तर थांबवा. पिना काढून साफ करायच्या, फार गंजल्या असतील तर नव्या, बूट नवे. ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉनचं. बेअरिंगला लावतात ते साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पॅड दोन्ही चाकांची एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजून त्याच्या वर असेल तर डिस्क बदलायची गरज नाही, नखाला रेघ खोल लागली तर लेथवर घासून मिळते. त्यासाठी उद्यमनगरासारखी जागा नाही. घासल्यावर परत मोजायला सांगा.

कागलचा_पाव्हणा
पिस्टन मागं दाबताना ब्रेक ऑइलची टाकी भरून सांडते, त्यावर लक्ष ठेवा. ते ऑइल रंग खातं. आणि काम झाल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलवू नका. पहिला दाब पोकळ जातो, समोर भिंत असली तर कळतं.

पांढरा_रस्सा
म्हणजे व्हील कप नव्हताच तर.

रंकाळाकाठ
झालं काम. खालच्या पिनेचा बूट फाटका निघाला, पिन पक्कड लावून फिरवून काढावी लागली. पिना, बूट, दोन्हीकडची पॅड बदलली. डिस्क मापात होती, घासली नाही. चुंई बंद. पण आता जोरात ब्रेक मारला की थोडी खरखर येते, हे काय?

जुना_फिटर
नवी पॅड जुन्या डिस्कवर बसायला दोनेकशे किलोमीटर घेतात. तोवर लांबून, हलका ब्रेक मारा आणि पन्हाळा-जोतिबाची उतरण टाळा. त्यानंतरही राहिली तर उजव्या बाजूच्या पिना बघायला लावा. तिकडच्या फक्त पॅड बदलल्या की पिनासुद्धा काढून बघितल्या, ते तुम्ही लिहिलं नाही.

रंकाळाकाठ
उजवीकडं नुसती पॅड बदलली. उद्या परत जातो.