नव्या हॅचबॅकच्या पैशात जुनी ई-क्लास? भाच्याने टोकन दिलंय म्हणून लिहितोय

तळेगावकर:
परवा इथे एकाने लिहिलं होतं की 10 लाखांत नवी हॅचबॅक घेणारे डोकं वापरत नाहीत, तेवढ्याच पैशात 2012-13 ची मर्सिडीजची ई-क्लास नाहीतर बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज दारात उभी राहते. "साठ लाखांची गाडी दहा लाखांत, अजून काय पाहिजे?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मी गप्प बसणार होतो. पण काल भाचा तीच पोस्ट मोबाइलवर दाखवत घरी आला. वय 26, चाकणला नोकरी. 50,000 टोकन देऊन आलाय आणि 8 लाखांचं पर्सनल लोन काढतोय.

गाडीची किंमत उतरते हो, पार्टची उतरत नाही. दहा लाखांना घेतली तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याच भावाने मिळतो.

माझंच सांगतो. 2019 ला मी 2010 ची एक जर्मन डिझेल सेदान साडेनऊ लाखांना घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद भलतीकडे जाईल. पहिले सात महिने मी हवेत होतो. बायकोला घेऊन दापोलीला गेलो तेव्हा वरंध घाटात गाडी अशी वळायची, की आयुष्यात पुन्हा दुसरी गाडी चालवू नये असं वाटलं. मग एका सकाळी मागची बाजू खाली बसलेली. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, 1 लाख 90 हजार. पुढच्या वर्षी गिअरबॉक्स, 2 लाख 40 हजार. चार टायर 80 हजार. ब्रेक डिस्क आणि पॅड 70 हजार. सेन्सर, पाण्याचा पंप, बॅटरी असं किरकोळ धरून 1 लाख 10 हजार. चार वर्षांत दुरुस्तीवर 6 लाख 90 हजार घालून ती मी सव्वातीन लाखांना विकली. डिझेल आणि विमा यात धरलेला नाही. माझा पगार बरा होता म्हणून निभावलं. भाच्याचं कसं निभावणार?

जुनं_ते_सोनं (नाशिक):
तुमची एक गाडी बिघडली म्हणून सगळ्या जुन्या गाड्या भंगारात काढायच्या का? माझ्याकडे 1996 ची ई 220 आहे, मर्सिडीजची डब्ल्यू 124 पिढी. तुमच्या शेजारी, पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात 1995 पासून बनायला लागलेली, ती. 2008 पासून माझ्याकडे आहे. मुलीला शाळेत सोडलं याच गाडीने आणि लग्नानंतर सासरीही हिनेच पाठवली. दरवाजा लावल्यावर जो आवाज येतो तो आजच्या 30 लाखांच्या गाडीत येत नाही. दर वर्षी चाळीस-पन्नास हजार खर्च येतो, तो मी आनंदाने करतो. नव्या गाडीवर पहिल्याच वर्षी त्याच्या तिप्पट घसारा जातो, तो तुमच्या हिशोबात कुठेच नाही.

तळेगावकर:
दादा, डब्ल्यू 124 आणि 2012 ची गाडी एका तागडीत घालू नका. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर किती, एअर सस्पेन्शन कुठे? आणि त्या काळच्या मर्सिडीजच्या इंजिन वायरिंगचं इन्सुलेशन पापडासारखं चुरा होतं, हे जगभर माहीत आहे. तेही सांगा की.

जुनं_ते_सोनं (नाशिक):
वायरिंग एकदाच बदलायचं असतं, सांगितलं. पण मला खरा राग सरकारचा आहे. 15 वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2022 मध्ये 600 वरून 5,000 केली, 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. शिवाय पर्यावरण कर वेगळा. जर्मनीत 30 वर्षांची गाडी मूळ रूपात जपली तर ऐतिहासिक म्हणून वेगळी नंबरप्लेट मिळते आणि करही ठरावीक. आपल्याकडे व्हिंटेज म्हणवून घ्यायला 50 वर्षं लागतात. म्हणजे माझी गाडी अजून वीस वर्षं नुसती "जुनी" म्हणून दंड भरणार. सांभाळणाऱ्याला शिक्षा कसली?

संभाजीनगरी:
आमच्याकडे या. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातम्या झाल्या. त्या वेळच्या गाड्यांची 15 वर्षं आता भरली. त्यातल्या काही आजही लग्नाच्या वरातीत चकाचक दिसतात आणि काही शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत. फरक एवढाच की पहिल्या मालकाला दीड-दोन लाखांचं बिल जड नव्हतं, तिसऱ्या मालकाला आहे. माझा मेहुणा तिसरा मालक. त्याची शेडमध्ये आहे.

लेखापाल_डोंबिवली:
भाच्यासाठी आकडे. 8 लाख, 14 टक्के, 5 वर्षं: हप्ता साधारण 18,600, व्याजच 3 लाख 17 हजारांच्या आसपास. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप विमा (घसारा न कापता भरपाई देणारा) सहसा मिळत नाही, म्हणजे बंपर फुटला तर घसारा खिशातून. दरमहा निदान 10,000 दुरुस्तीसाठी बाजूला टाकता येत नसतील तर विषय संपला. मऊ गादीच हवी असेल तर जुनी होंडा अकॉर्ड किंवा टोयोटा कॅमरी बघा. आमच्या मामांची 2009 ची अकॉर्ड दोन लाख किलोमीटर झाली, इंजिन उघडलेलं नाही.

मुक्ता (ठाणे):
गाडी कुठली हे नंतर, आधी नंबर बघा! डीएल, म्हणजे दिल्लीचा असेल तर टोकन बुडालं समजा आणि पळा.

2021 मध्ये बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून एक 2012 ची डिझेल सेदान घेतली. दिल्लीची गाडी, मीटरवर 64,000. डीलर म्हणाला एनओसी आठवड्यात येते. चौदा महिने लागले, कारण आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. मग आरटीओत महाराष्ट्राचा रोड टॅक्स, तो गाडीच्या मूळ किमतीवरून वयाची सूट देऊन काढतात. 20 लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्याकडे दर 15 टक्के आहे, आकडा ऐकून बाबा बाकावर बसले. शेवटी चॅसी नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढली, तर 2018 मध्येच गाडी 1 लाख 71 हजार फिरलेली. मीटर पाडलेलं, म्हणजे आकडा मागे फिरवलेला! बाबा आता गाडीचा विषयच काढू देत नाहीत. दिल्लीवाले आपल्याकडे कचरा पाठवतात आणि आपण त्याला लक्झरी म्हणतो.

विट्याचा_करोल_बागेत:
मुक्ताताई, वडिलांचं वाईट झालं, पण शब्द जपून वापरा. आम्ही मूळचे विट्याचे, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तीन पिढ्या देशभर. मी 22 वर्षं दिल्लीत आहे. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, 2015 ला सांगितलं की 10 वर्षांवरचं डिझेल इथे चालणार नाही, 2018 ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. माझी 2013 ची गाडी, 61,000 किलोमीटर, एकही सर्व्हिस चुकवलेली नाही, पीयूसी पास. 2023 मध्ये मातीमोल भावात काढावी लागली. सातारच्या पाहुण्यांनी नेली, आजही मक्खन चालते. तो कचरा होता का? आमच्यावर अन्याय झाला आणि वर तुम्ही आम्हालाच चोर म्हणताय.

मुक्ता (ठाणे):
चोर तुम्हाला म्हटलं नाही. पण तिथे गाडी मातीमोल मिळते, म्हणूनच मीटर पाडणारे डीलर तिथे उचलायला जातात ना? तुमची एक चांगली गाडी आमच्या वाट्याला येत नाही, ती पाहुण्यांकडे जाते. आमच्याकडे उरलेली येतात.

विट्याचा_करोल_बागेत:
मीटर पुण्यात पाडत नाहीत? मुंबईत पाडत नाहीत? आणि आरसीवरचा बोजा सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला की दिसतो. दोन मिनिटांचं काम होतं.

मुक्ता (ठाणे):
68 वर्षांच्या माणसाने पोर्टल बघितलं नाही म्हणून चूक त्याची? फसवणाऱ्याला सोडून फसलेल्यालाच शिकवायचं ही सवय मला सगळीकडे दिसते. तुम्ही आमच्या घरी येऊन बाबांसमोर हे बोलून दाखवा.

संभाजीनगरी:
जरा शांत व्हा दोघं. मूळ प्रश्न त्या पोराच्या गाडीचा आहे.

विट्याचा_करोल_बागेत:
शांतच आहे. वडिलांना दोष द्यायचा नव्हता, ते वाक्य मागे घेतो. पण "दिल्लीवाले कचरा पाठवतात" हेही मागे घ्या.

मुक्ता (ठाणे):
"काही डीलर" असं करा. त्यापुढे मी येणार नाही.

ग्रीसचे_हात (कोल्हापूर):
उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, म्हणून मी दुरुस्तीच्या बाजूने बोलणार असं वाटेल. पण निम्मी गिऱ्हाइकं मी स्वतः परत पाठवतो.

मीटरचं आधी सांगतो. बऱ्याच जर्मन गाड्यांत किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, गाडीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही साठतात. मीटर पाडणारा सगळीकडे हात घालत नाही. चांगला स्कॅनर लावला की फरक उघडा पडतो, मग नंबर डीएल असो नाहीतर एमएच 12.

आता तळेगावकर साहेबांचा गिअरबॉक्स. साहेब, ऑइल कधी बदललं होतं? मला खात्री आहे, कधीच नाही. "लाइफटाइम ऑइल", म्हणजे कधी बदलायलाच नको, या शब्दाने जेवढे गिअरबॉक्स मारले तेवढे खड्ड्यांनीही मारले नसतील. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. गाडीच्या पुस्तकात मात्र काही नसतं, म्हणून कोणी बदलत नाही. त्या कामाला 25-30 हजार लागतात, ते वाचवायला जाऊन लोक अडीच लाख घालतात.

आणि "ई-क्लास चांगली का वाईट" असं विचारूच नका. 2003 ते 2006 च्या ई-क्लासला इलेक्ट्रॉनिक ब्रेकचा पंप आहे. तो ब्रेक किती वेळा दाबले ते मोजतो आणि आकडा भरला की इशारा देतो. नंतरच्या गाड्यांतून तो काढला. बीएमडब्ल्यू 520 डी च्या एन 47 इंजिनची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. ती वाजायला लागली तर गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय काम होत नाही. वर्ष आणि इंजिन सांगा, मग बोलू.

तळेगावकर:
ऑइल बदललं नव्हतं, हे कबूल. सर्व्हिस सेंटरने गरज नाही म्हटलं होतं, मी ऐकलं. तेवढा मुद्दा तुमचा. पण भाऊ, तुमच्यासारखा माणूस तळेगावात मला चार वर्षांत सापडला नाही, आणि तो भाच्याला सापडेल हे धरून मी कर्ज काढू देऊ?

ग्रीसचे_हात (कोल्हापूर):
ते खरं आहे. माणूस नसेल तर गाडी घेऊ नये, हे मी गिऱ्हाइकालाही सांगतो.

जुनं_ते_सोनं (नाशिक):
कर्ज काढून घेऊ नये, हे मलाही मान्य. मी माझी रोख घेतली होती. पण पोराला जुन्या गाडीचा नाद लागलाय, तो मारू नका. दोन वर्षं पैसे साठवू दे, मी स्वतः त्याच्याबरोबर गाडी शोधायला येतो.

तळेगावकर:
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. गाडी 2012 ची आहे, ई 250 डिझेल, नंबर एमएच 14. लोनचा अर्ज त्याने थांबवलाय, रद्द केलेला नाही. टोकन सोडायला मात्र तयार नाही, म्हणतो आधी कोणीतरी जाणत्याने बघू दे.

ग्रीसचे_हात (कोल्हापूर):
ओएम 651 इंजिन. सुरुवातीच्या गाड्यांत डेल्फी कंपनीच्या पीझो इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) त्रास होता, बदलले असतील तर बिल मागा. रविवारी मी लग्नाला पिंपरीत आहे, सकाळी आठला स्कॅनर घेऊन येतो. विकणाऱ्याला फक्त एवढंच सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करायची नाही, खोड गार इंजिन चालू करतानाच कळते. बॉनेटला हात लावून बघणार आहे, गरम लागलं तर तसाच लग्नाला निघून जाईन.