जुन्या काचेच्या शेडचे मूळ आणि वय कसे ओळखावे?

प्रश्न: आजीच्या सामानात दिव्याची एक शेड मिळाली, ती आतून दुधी पांढरी, बाहेरून गुलाबी असून तिची कड झालरीसारखी वळवलेली आहे. बनवणाऱ्याची खूण कुठेच नाही. ती कुठली व किती जुनी असावी?

उत्तर १: आधी बसवायच्या गळ्याचा बाहेरचा व्यास मोजावा. तो सव्वादोन इंच असल्यास शेड बहुधा विजेच्या दिव्याची, चार इंच असल्यास रॉकेलच्या दिव्याची असते. कडेचा छेद उजेडात धरल्यावर गुलाबी व पांढरा असे दोन थर वेगळे दिसले, तर तो रंग वरून फासलेला नसून काचेचाच आहे.

उत्तर २: वरील मापाशी मी सहमत आहे, परंतु साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटणारी रेघ, दिसली म्हणून शेड नवी ठरवू नये, कारण एकोणिसाव्या शतकातही काच साच्यात फुंकत असत. 'चेकोस्लोव्हाकिया' अशी खूण असती तर ती १९१८ नंतरची म्हणता आली असती. मात्र खूण नसणे हा कशाचाच पुरावा नव्हे, कारण कागदी लेबले धुण्यात निघून जातात.

प्रश्नकर्ता: गळा बरोबर चार इंच भरला आणि कडेला गुलाबी थर नखाएवढाही जाड नाही, पण स्वच्छ वेगळा दिसतो. मनापासून आभार.

उत्तर १: मग ती रॉकेलच्या दिव्याचीच असावी. गळ्याची कड घासून सपाट केली आहे का, तेही कृपया पाहावे.