मदत हवी आहे: अलास्कात सामनच्या मासेमारीसाठी चार्टर बोट कशी निवडावी? (सोबत पंचाहत्तरीचे बाबा)

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळ्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्यांना लहानपणापासून गळाचं वेड. नोकरी आणि संसारात ते मागे पडलं, पण टीव्हीवर कुठे प्रवाहाविरुद्ध उसळणारे सामन दिसले की अजूनही त्यांच्या हातातला चहा गार होतो. म्हणून ठरवलंय, यंदा त्यांना अलास्काला न्यायचं आणि एक दिवस पूर्ण मासेमारीचा ठेवायचा. आम्ही पाच जण आहोत: आई, बाबा, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि मी. अँकरेजला उतरून गाडी घेणार. जुलैचा दुसरा आठवडा की ऑगस्टचा तिसरा, हे अजून ठरलेलं नाही. विमानाची तिकिटं याच महिन्यात काढायची आहेत.

तीन आठवडे वेबसाईटी चाळतेय आणि आता सगळ्या सारख्याच दिसायला लागल्यात. सगळीकडे मांडीएवढा किंग सामन धरलेला हसरा माणूस. सुअर्डहून समुद्रात जावं की केनाय नदीवर, हेही कळेना. बाबांचा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मला स्वतःला बोट लागते, मळमळतं.

आणि एक गोष्ट मनात आहे ती सांगते. चार वर्षांपूर्वी मी आणि नवरा दुसऱ्या एका राज्यात अशाच बोटीवर गेलो होतो. सोळा-सतरा माणसं, कठड्याला खांद्याला खांदा लावून उभी. माझ्या दोरीला मासा लागला, तशा शेजारच्यांच्या दोऱ्या त्यात गुंतायला लागल्या. खलाशाने माझ्या हातातून रॉड घेतला, भराभर रीळ फिरवलं, मासा वर काढला आणि फोटोसाठी माझ्या हातात दिला. फोटो छान आलाय. पण तो मासा मी पकडला असं मला आजही वाटत नाही. बाबांच्या बाबतीत असं व्हायला नको. एकच मासा मिळू दे, छोटा मिळू दे, पण तो त्यांनी स्वतः ओढलेला असावा.

अनुभवी मंडळींनी कृपया सांगा, बोट निवडताना काय विचारायचं?

प्रतिसाद १

मी नऊ वर्षं अँकरेजला होतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

बोट सगळ्यात शेवटी ठरवा. आधी मासा ठरवा, मग आठवडा, मग पाणी. अलास्कात सामनच्या पाच जाती येतात: किंग, सॉकाय म्हणजे रेड, कोहो म्हणजे सिल्व्हर, पिंक आणि चम. प्रत्येकीचा हंगाम वेगळा आणि धरायची पद्धतही वेगळी. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे केनायवर सॉकायची मोठी लाट यायला सुरुवात. साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती भरात असते. फिश अँड गेम हे राज्याचं मासेमारी-शिकारीचं खातं नदीत मुखापासून एकोणिसाव्या मैलावर सोनार लावून मासे मोजतं आणि रोजचा आकडा जाहीर करतं. स्थानिक लोक तो आकडा बघून सुट्टी टाकतात.

पण सॉकाय समुद्रात असताना मुख्यतः प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खाऊन वाढतो. नदीत शिरल्यावर तर तो आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून गुडघाभर पाण्यात उभं राहून, दोरीला शिसं लावून, प्रवाहात पुन्हा पुन्हा झोका द्यावा लागतो, मग दोरी त्याच्या उघड्या तोंडातून सरकून काटा लागतो. तासन्‌तास गोल गोट्यांवर उभं राहायचं, पाणी हिमनदीचं. बदललेल्या गुडघ्याला हे नको.

किंगचे फोटो बघून हुरळून जाऊ नका. गळावरचा जागतिक विक्रम केनायचाच आहे, 97 पौंड 4 औंस, मे 1985. पण ते दिवस गेले. केनायच्या किंगची संख्या इतकी घसरलीय की अलीकडच्या वर्षांत खात्याने तिथली किंगची मासेमारी हंगामच्या हंगाम बंद ठेवलीय. अशी बंदी आणीबाणी आदेशाने येते, कधी दोन दिवस आधी कळते. त्यामुळे वेबसाईटवर किंग दिसला की सरळ विचारा, हा फोटो कुठल्या वर्षीचा आणि कुठल्या पाण्यातला? या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणारा माणूस बाकीच्या बाबतीतही खरं बोलेल, असा माझा अनुभव आहे.

तुमच्यासाठी ऑगस्टचा तिसरा आठवडा आणि सिल्व्हर. हा मासा आमिषावर तुटून पडतो. हेरिंग या लहान माशाचा तुकडा खाली सोडला की रॉडचं टोक आधी दोनदा टकटक करतं, मग एकदम वाकतं, आणि पुढच्या क्षणी मासा पाण्याबाहेर. बहुतेक आठ-दहा पौंडांचा. पंचाहत्तरीचा माणूस दमेल पण हरणार नाही, एवढाच जोर. सुअर्डला रेझरेक्शन बे या खाडीत ऑगस्टभर सिल्व्हर असतो. अँकरेजपासून सुअर्ड सव्वाशे मैल, रस्ता नितांत सुंदर, अडीच तास धरा. पाऊस मात्र गृहीत धरा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कागदपत्रांचं मी सांगते.

कॅप्टनकडे कोस्ट गार्डचा परवाना हवाच. लहान चार्टर बोटींना तिथे ‘सिक्स पॅक’ म्हणतात, म्हणजे पैसे देणारे जास्तीत जास्त सहा प्रवासी. त्याहून जास्त माणसं घ्यायची तर बोटीची कोस्ट गार्डकडून तपासणी होऊन तसं प्रमाणपत्र लागतं. तुम्ही पाच आहात, तेव्हा सिक्स पॅक पूर्ण घ्या, सहाव्या जागेचे पैसे भरावे लागले तरी. अनोळखी माणसं नाहीत, दोऱ्या गुंतणं नाही, आणि ‘आता परत फिरूया’ असं तुम्हाला म्हणता येतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. वाटून घेतलेल्या बोटीवर एकाला बरं वाटत नाही म्हणून कॅप्टन सहसा वळत नाही, आणि बाकीच्यांनी पैसे भरलेले असल्यामुळे त्याचंही चुकतं असं नाही.

मासेमारीचं लायसन्स प्रत्येकाचं वेगळं. बाहेरच्यांसाठी एका दिवसाचं 15 डॉलर, तीन दिवसांचं 30. किंगच्या मागे जायचं असेल तर त्यावर किंग स्टॅम्प, म्हणजे किंगसाठीची जादा परवानगी, एका दिवसाचे आणखी 15. बाहेरून आलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, त्यामुळे लेकीचा प्रश्न मिटला. तेरा वर्षांखालच्यांनी डेकवर लाईफ जॅकेट घालून राहायचं असा कायदा आहे. तिच्या मापाचं आहे का, हे आधीच विचारून ठेवा. आई नुसत्या बसणार असतील तर त्यांना लायसन्स नको, पण काही बोटी बसणाऱ्यांचेही पूर्ण पैसे घेतात.

आगाऊ रक्कम भरायच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या. हवामानामुळे कॅप्टनने फेरी रद्द केली तर पैसे परत की दुसरी तारीख? तुम्ही पाहुणे, दुसरी तारीख तुमच्या काही उपयोगाची नाही. आणि ठरलेल्या जातीवर अचानक बंदी आली तर काय?

प्रतिसाद ३

मी डॉक्टर आहे, म्हणून बोट लागण्याबद्दल थोडं.

मेक्लिझिनची गोळी आदल्या रात्री एक आणि निघायच्या तासभर आधी एक, असं बरेच जण करतात. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. पण हे झालं तुमच्यासाठी. बाबांना कोणाच्या सांगण्यावरून कानामागची स्कोपोलामाईनची पट्टी लावू नका. या वयात तिच्याने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. मेक्लिझिननेही झोप आणि थोडा तोल जाणं होतं. त्यांच्या चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना आधी भेटा आणि जे देतील ते घरीच एकदा घेऊन बघा.

कॅप्टनला विचारा की खाडीच्या आत मासा नसेल तर तुम्ही बाहेर खुल्या समुद्रात जाता का. रेझरेक्शन बे डोंगरांनी वेढलेली आहे, बाहेर गल्फ ऑफ अलास्काची लाट वेगळी. ‘वारा असेल तर आतच राहतो, मासे कमी मिळाले तरी चालतील ना?’ असं उलट विचारणारा कॅप्टन मिळाला तर तोच घ्या.

बोटीवर दार लागणारा संडास आहे का, हेही विचारा. बाबा स्वतः हे विचारणार नाहीत, दिवसभर पाणी न पिता बसतील. आमच्याकडे हेच झालं होतं.

प्रतिसाद ४

माझं मत थोडं वेगळं आहे. समुद्राचा इतका विचार करावा लागतोय तर केनायवर ऑगस्टमध्ये सिल्व्हरसाठी गाईडची नाव का नाही? नदीचं पाणी दुधाळ निळं-हिरवं, नाव नांगरून ठेवतात, खुर्चीत बसून रॉड धरायचा. बोट लागायचा प्रश्नच नाही. गाईडला कोस्ट गार्डच्या परवान्याशिवाय केनायचा वेगळा परवाना लागतो, तो विचारा. तोटा एवढाच की नाव उघडी असते, संडासासाठी काठाला यावं लागतं, आणि काही ठिकाणी काठावरून नावेत उतरताना मोठं पाऊल टाकावं लागतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑगस्ट पक्का केला. केनायचा पर्याय बाबांपुढे ठेवला, तर ते म्हणाले, ‘नदी उद्या, समुद्र आधी.’ त्यामुळे सुअर्डच.

मोठं पाऊल टाकण्यावरून आठवलं, सुअर्डला बोटीत चढणं-उतरणं कसं असतं?

प्रतिसाद १

बरं झालं विचारलंत, हे मी लिहायलाच हवं होतं. तिथे धक्के तरंगते आहेत, त्यामुळे बोटीत पाऊल टाकणं सोपं. अवघड असतो तो वरच्या रस्त्यावरून तरंगत्या धक्क्यावर उतरणारा लोखंडी उतार. भरती-ओहोटीत दहा फुटांच्या आसपास फरक पडतो. भरतीला तो उतार जवळजवळ सपाट असतो, भर ओहोटीला तोच घसरगुंडीसारखा उभा होतो, वर पावसाने ओला. मी माझ्या सासऱ्यांना एकदा परतताना दोन्ही हातांनी कठडा धरून, दर चार पावलांवर थांबत वर आणलं होतं. दिवसभर डोलणाऱ्या बोटीवर उभं राहून पाय आधीच थकलेले असतात.

भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी मिळतं. तुमच्या आठवड्यातले दिवस बघा आणि परतायच्या वेळी पाणी चढलेलं असेल तो दिवस निवडा. सकाळी उतरताना ओहोटी असली तर एक वेळ चालेल, ताजे असतात.

मासे घरी न्यायचे असतील तर धक्क्यावरच साफ करून तुकडे करून देतात. पुढे व्हॅक्यूम पॅक करून गोठवण्याचे पौंडावर वेगळे पैसे. विमानात खोका 50 पौंडांच्या आत ठेवा. खलाशाला पंधरा-वीस टक्के टिप द्यायची पद्धत आहे, ती रोख काढून ठेवा.

एक आणखी. तुम्ही खलाशाने रॉड घेतल्याचं लिहिलंय. अलास्काच्या नियमात मासा ज्याने मुळात गळाला लावला त्याच्या ठरलेल्या वाट्यात (एकाने किती मासे ठेवायचे त्या मर्यादेत) मोजला जातो. म्हणजे दुसऱ्याने मासा लावून रॉड हातात दिला तर तो मासा तुमचा धरत नाहीत. तुमचा मासा तुमच्याच दोरीला लागला होता, म्हणजे नियमाने तो तुमचाच. पण रॉड शेवटपर्यंत तुमच्याच हातात राहील याची हमी हा नियम देत नाही. बुकिंगच्या आधी हे बोलून घ्या.

धागाकर्ती

काल आणि आज मिळून तीन कॅप्टनांशी फोनवर बोलले. तिघांनाही तेच प्रश्न, फोटो, हवामान, संडास, उतार, आणि शेवटी रॉडचा.

पहिल्याने किती मासे मिळतील ते छातीठोक सांगितलं आणि बाकी प्रश्नांना ‘काळजी करू नका’. दुसरे चांगले होते, पण त्यांची बोट वाटून घ्यायचीच होती. तिसऱ्यांनी आधी मलाच विचारलं की बाबांचा कुठला हात जोरात आहे, गुडघा किती वाकतो, किती वेळ उभे राहू शकतात. मग म्हणाले, मागच्या बाजूला एक खुर्ची बांधून देतो. भरतीचा तक्ता फोनवरच उघडून त्यांनी आमच्या आठवड्यातले दोन दिवस वगळायला सांगितले. किंगचा फोटो जुना आहे हेही लगेच मान्य केलं.

रॉडचं विचारलं तेव्हा ते क्षणभर थांबले. म्हणाले, आमिष मी लावीन, खोली मी सांगीन, मासा बोटीजवळ आला की जाळी मी धरीन. मधलं सगळं तुमच्या वडिलांचं. दमले तर टोक खाली करून थांबू, मी रॉडला हात लावणार नाही. मासा सुटला तर सुटला.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी कॅप्टनचं नाव एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद चष्म्याच्या डबीत ठेवला. आज पैसे भरले.

एकच राहिलंय. लेकीला थंडीत दिवसभर डेकवर उभं राहायला हातमोजे कुठले घ्यावेत? रीळ फिरवताना बोटं मोकळी हवीत आणि पावसात भिजायलाही नकोत. कोणी वापरलेत का?